जाड खुंटाचं टोक

पोद्गोरा,
रविवार, ६ ऑक्टोबर १९८५

चि. पोलोना,

मामाचा आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तुमच्या द्रागा गावात आत्तापासूनच शेगडी पेटवावी लागते आणि तुमचा जंगलखात्याचा साहेब अजून तसाच खडूस आहे, हे वाचून बरं वाटलं. जगात काहीतरी जागच्या जागी आहे म्हणायचं. इकडे आलुबुखार उतरवून झाले. दारूची पहिली धार अशी कडक निघाली की चव घ्यायला आलेला गाश्पर दहा मिनिटं नुसता डोळे पुसत बसला. तुझ्यासाठी दोन बाटल्या काढून ठेवल्यात.

आता मुद्द्याचं. उद्या गाश्पर त्याच्या कुत्रीला, मूराला, दाखवायला तुमच्याकडच्या जनावरांच्या डॉक्टरकडे येतोय. त्याच्याबरोबर माझी बंदूक पाठवतोय. वर बसवलेल्या दुर्बिणीसकट, पट्ट्यासकट, पेटीसकट. ठेवून घे. कागदपत्रांचं मी बोग्दानशी बोललोय; शिकारी मंडळाचा अध्यक्ष म्हणून सही त्याचीच लागते आणि त्याने ती आनंदाने केली. तू म्हणशील, म्हातारा एकाएकी एवढा दानशूर कसा झाला? काही नाही गं. उजवा खांदा धरलाय. एक बार काढला की दोन दिवस हात वर जात नाही. पस्तीस वर्षं ती माझ्या खांद्याला टेकली, आता तुझ्या टेकू दे. मिंका असती तर तिने मला झाडूने बडवलं असतं की पोरीच्या हातात बंदूक कसली देतोस. पण तुझ्या आईने मला आयुष्यभर कशा ना कशावरून बडवलंच.

एक मात्र ऐक. बंदूक हातात पडली की आधी शंभर पावलांवर फळी लाव आणि तीन गोळ्या झाड. गाश्पर गाडी कशी हाकतो ते तुला माहीत आहे. वाटेत हादरे बसतात, दुर्बिणीचा भरवसा नसतो. गोळ्या कुठे लागतात ते बघ, जुळवायचं ते जुळवून घे, मगच जंगलात जा. कुणी हसलं तर हसू दे. तीन गोळ्या. विसरू नकोस.

अक्षर मोठं आहे म्हणून हसू नकोस. श्तेफ्काच्या पोस्टात जाड टोकाचीच पेनं उरली होती. पाकीट मीच चिकटवतो आणि वरून दोनदा अंगठा दाबतो. तुला ठाऊकच आहे, त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. मागे मी मूळव्याधीचं औषध मागवलं, तर तिसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली!

परवा आई स्वप्नात आली होती. तुझी आजी. तशीच, शेगडीजवळच्या बाकावर. जाऊ दे. तू तिला पाहिलंच नाहीस.

तीन गोळ्या, पोलोना.

तुझा
आल्बिनमामा


पोद्गोरा,
बुधवार, २३ ऑक्टोबर १९८५

चि. पोलोना,

आशीर्वाद. काल तुझं पत्र आलं आणि तेव्हापासून मला बसवत नाही की उठवत नाही.

काय लिहिलंयस हे? "मामा, मी फळी लावायला निघाले तर सगळे खो-खो हसले. बोग्दान म्हणाला, 'आल्बिनची बंदूक तपासतेस? मग पाद्रीबाबांचीही परीक्षा घे, बाराखडी येते का बघ!' वसंतातल्या तपासणीचा शिक्का आहेच की तिच्यावर, तिन्ही गोळ्या फळीवरच्या काळ्या ठिपक्यात. उगाच कशाला गोळ्या वाया घालवायच्या?" आणि त्याखाली असं लिहिलंयस, जसं काही बाजारात चाललीयस, की अस्वलाचा परवाना मिळाला आणि शनिवारी संध्याकाळी तू वरच्या मचाणावर बसणार.

बसू नकोस.

का ते विचारू नकोस. बरं, सांगतो. एक तर वारा. या दिवसांत वरच्या मचाणावर संध्याकाळी वारा पाठीमागून येतो, अस्वलाला तुझा वास लागेल. दुसरं, मधाची पोळी फोडणारं ते अस्वल लहान नाही, गाश्परने माग पाहिलाय, दोनशे किलोच्या वर भरेल. पहिलंच अस्वल इतकं मोठं कुणी घेत नाही. तिसरं म्हणजे मला बरं वाटत नाहीये. एवढं पुरे नाही का? पुढच्या पौर्णिमेला जा. मीही येतो, खाली झोपडीत चुलीपाशी बसतो.

आणि तुला जायचंच असेल, ऐकायचंच नसेल (तुझी आईही कधी ऐकायची नाही), तर माझी बंदूक नको. बोग्दानची माग. काहीतरी कारण सांग. पट्टा तुटला म्हण.

हे पत्र हातात पडताच निरोप धाड. शनिवारच्या आत मिळेल ना? आपल्याकडचं पत्र डोंगरापलीकडे जायचं तर आधी ल्युब्लियाना फिरून येतं, काय बुद्धी म्हणायची यांची! मिळेल. मिळायला हवं. ओळी वेड्यावाकड्या झाल्यात त्या खांद्यामुळे.

पोलोना, माझं एवढं एकच ऐक गं.

मामा


पोद्गोरा,
सोमवार, ४ नोव्हेंबर १९८५

पोलोना,

चि. लिहायचा मला हक्क नाही, आशीर्वाद द्यायचा तर नाहीच. फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. माझ्यासाठी नको, येत्या रविवारच्या बैठकीसाठी वाच. तुझं नाव मंडळातून काढायला ते बसणार आहेत, आणि तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही.

माझा खांदा ठणठणीत आहे. कधीच दुखला नाही. मला दिसत नाही.

लिहिलं एकदाचं. दोन वर्षं झाली या गोष्टीला. आधी दुर्बिणीतली फुली पुसट झाली. ते म्हातारपणी सगळ्यांचंच होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डोळ्याकडची कडी थोडी फिरवायची, पांढऱ्या आभाळाकडे बघायचं, रेघा ठळक झाल्या की थांबायचं. मी फिरवली. वर्षभर निभावलं. पुन्हा फिरवली. मग कडी टोकाला जाऊन अडली आणि फुली मात्र पुसटच. आणि एका सकाळी उभी रेघ मध्येच वाकलेली दिसली, बैलगाडीच्या चाकोरीसारखी. मी म्हटलं दुर्बीण बिघडली. ल्युब्लियानाला दुरुस्तीवाल्याकडे पाठवली. त्याने पैसे न घेता परत पाठवली, सोबत चिठ्ठी: "काही दोष नाही." मी त्याला गाढव म्हणालो. त्याच दिवशी आंघोळ करताना भिंतीकडे पाहिलं, तर पांढऱ्या फरशांमधल्या सगळ्या रेघा तशाच वाकलेल्या. डावा डोळा उघडून पाहिलं, सरळ. उजवा उघडला, वाकलेल्या. मी ओल्या अंगाने तिथेच टबाच्या काठावर बसून राहिलो. दुरुस्तीवाला गाढव नव्हता.

तुझी आजी बावन्नाव्या वर्षी आंधळी झाली. तुम्हाला आम्ही सांगायचो की ती थकली होती. शेगडीजवळच्या बाकावर तिला बसवून ठेवायचो. पाहुणे यायचे, तिच्या डोक्यावरून बोलायचे, तिला बरं आहे का हेसुद्धा आम्हालाच विचारायचे. आणि मी, दहा वर्षांचा असेन, जेवताना तिचा चमचा हळूच सरकवायचो. ती टेबलावर हात फिरवत शोधायची आणि मी आणि मिंका तोंड दाबून हसायचो. एकदा ती म्हणाली, "आल्बिन, तूच आहेस ते मला माहीत आहे." तरी मी हसलो. दोन वर्षं झाली, मी रोज जेवायला बसलो की आधी चमचा हातात घेतो आणि जेवण होईपर्यंत खाली ठेवत नाही. मला इतकी भीती वाटते, पोलोना, की कुणाला सांगायचीही भीती वाटली. सांगितलं की खरं होईल असं वाटायचं.

आता बंदुकीचं. नीट वाच, कारण हेच तुला बैठकीत सांगायचंय.

माझ्या दुर्बिणीत मधोमध बारीक फुली आहे, आणि डावीकडून, उजवीकडून, खालून असे तीन जाड खुंट तिच्याकडे येतात, पण फुलीच्या बरेच आधी थांबतात. बारीक फुली मला दिसेना. जाड खुंट दिसायचे. वसंतातल्या तपासणीची तारीख जवळ आली. फळी चुकली तर बोग्दान विचारणार, डॉक्टरकडे धाडणार, परवाना जाणार. तेव्हा मी काय केलं, तर एका सकाळी एकटाच दगडाच्या खाणीत गेलो, दुर्बिणीच्या वरची टोपी काढली आणि गोळी खालच्या जाड खुंटाच्या टोकावर लागेपर्यंत स्क्रू फिरवत बसलो. अर्धी पेटी गोळ्या गेल्या. फुलीचा नाद सोडला. खुंटाचं टोक काळ्यावर टेकवायचं आणि घोडा ओढायचा. तपासणीला तीनच्या तीन काळ्यात! बोग्दानने पाठीवर थाप मारली, "आल्बिनची बंदूक पेटीतून काढावी आणि थेट अस्वलावर झाडावी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दारू पाजली. मला वाटलं, जिंकलो.

पण ती बंदूक फक्त माझ्या फुटक्या डोळ्याला लागू होती. दुसऱ्या कुणी शहाण्यासारखी फुली धरली, तर शंभर पावलांवर गोळी तीन वीत खाली जाणार. साठ पावलांवर जवळजवळ दोन वीत. तू त्या शनिवारी साठ पावलांवरून अस्वलाच्या खांद्यामागे फुली धरलीस. अगदी बरोबर धरलीस. गोळी लागली पुढच्या पायाला.

तुझा हात कापला नाही. तू घाई केली नाहीस. अस्वल ओरडत झाडीत घुसलं तेव्हा तू अंधारात मागे गेली नाहीस, मचाणावर थांबलीस आणि मग खाली जाऊन खबर दिलीस. पस्तीस वर्षांत माझ्या तरी हातून याहून नीट काही झालं नसतं. रविवारी सकाळी माग काढायला मूराला घेऊन गाश्पर गेला, बोग्दान मागे होता. झाडीतून ते जखमी अस्वल अंगावर आलं. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तू तिथे होतीस. मूराच्या तोंडात तुम्ही स्प्रूसची डहाळी ठेवलीत असं कळलं. शिकारीत पडलेल्या जनावराला शेवटचा घास म्हणून देतो ती. कुत्रीला कुणी देत नाही, पण दिलीत ते बरं केलंत. गाश्परच्या मांडीला बेचाळीस टाके आहेत. डॉक्टर म्हणतात जगेल, पण पाय वाकेल की नाही ते सांगत नाहीत. चाळीस वर्षांचा दोस्त माझा. माझ्या हातची दारू पिऊन डोळे पुसत बसणारा.

तू म्हणशील, मग बंदूक देण्याआधी स्क्रू परत का नाही फिरवला? अगं, फुली दिसली असती तर फिरवला असता ना! दुसऱ्याला सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून तुला लिहिलं, तीन गोळ्या झाड. म्हणजे तुझी तूच जुळवून घेशील आणि माझी झाकली मूठ तशीच राहील. माझ्याच नावाने तुला फळी लावू दिली नाही हे माझं नशीब. नशीब कसलं, माझंच कर्म.

बंदूक का टाकली, तेही सांगतो. ऑगस्टमध्ये संध्याकाळी मचाणावर होतो. कुरणाच्या कडेला तपकिरी काहीतरी वाकलेलं हलत होतं. मी खुंटाचं टोक त्याच्यावर टेकवलं, बोट घोड्यावर होतं. तेवढ्यात ते खोकलं. गाश्परची बायको होती, लेंका, मशरूम वेचत होती. मी दीड तास मचाणावरून उतरलो नाही. हे तिला आजपर्यंत ठाऊक नाही.

आणि सगळ्यात वाईट ते आता. तू पाठवलेलं पत्र मंगळवारी मिळालं, तेव्हा शनिवारला चार दिवस होते. पोस्टात टेलिफोन आहे. गुरुवारी सकाळी मी त्या टेलिफोनपाशी उभा होतो, हात त्याच्यावर ठेवलेला. तुझ्या कचेरीचा नंबर मला पाठ आहे. समोर श्तेफ्का तिकिटं मोजत होती, कान टवकारून. "कुणाला लावायचाय, आल्बिन?" म्हणाली. मी म्हणालो, "कुणाला नाही. एक तिकीट दे." आणि ते पत्र टाकलं. शुक्रवारी बस होती, तीही जाऊ दिली. पत्र टाकलंय, मिळेल, अशी मनाची समजूत घातली. ते तुला सोमवारी मिळालं असेल. श्तेफ्काला कळू नये म्हणून, पोलोना. तेवढ्यासाठी.

गेल्या आठवड्यात खानावळीत ते बोलत होते, "बाईमाणसाचा हात अस्वल बघितलं की लटपटतोच." मी तिथे होतो. मी मान डोलावली. काय लिहू आता यापुढे?

शुक्रवारी, सर्व संतांच्या सणाला, दफनभूमीत तू मिंकाच्या कबरीपाशी आली होतीस. मी मेणबत्ती लावत होतो. कुणी बाई काळ्या कोटात उभी आहे एवढं दिसलं. डावा डोळाही आता उजव्याच्या वाटेने गेलाय, तोंडाच्या जागी मला राखेचा ठिपका दिसतो. मी परक्याला म्हणतो तसं "देव बरं करो" म्हणालो आणि निघून गेलो. चार पावलांवर तुझा आवाज ऐकला, तू कुणाकडे तरी काडेपेटी मागत होतीस. तेव्हा कळलं. तुला वाटलं असेल, मामानेही तोंड फिरवलं. फिरवलं नव्हतं गं. पण आवाज ओळखल्यावर मी परतलो नाही, ते मात्र फिरवणंच झालं.

आता रविवारी काय करायचं ते सांगतो. माझी बंदूक मंडळाच्या कपाटात कुलपात आहे आणि ती तपासायचं अजून कुणाला सुचलेलं नाही, शिक्का आहे ना! स्क्रूला कुणाला हात लावू देऊ नकोस. सगळ्यांना खाणीत ने, शंभर पावलांवर उंच फळी लाव, पार जमिनीपर्यंत कागद चिकटव. आधी फुली काळ्यावर धरून एक गोळी झाड. भोक कुठे पडतं ते बोग्दानला वीत लावून मोजू दे. मग खालच्या खुंटाचं टोक काळ्यावर धर आणि दुसरी झाड. ती काळ्यात जाईल. मग कुणी काही बोलणार नाही. मी तिथे असेन. मला फळी दिसणार नाही, पण लोक गप्प झाले की मला कळेल. त्यानंतर परवाना मी माझ्या हाताने बोग्दानपुढे ठेवीन आणि तिथून गाश्परकडे जाईन. त्याने हाकलून दिलं तर दाराबाहेर बसेन.

तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. मला तुझ्याकडून एवढंच हवंय की तू मंडळ सोडू नकोस.

आता पाकीट करायला घेतलं होतं, पण थांबलो. थोड्या वेळाने पुढचं लिहितो.

पोस्टात बसून लिहितोय. श्तेफ्काने खुर्ची दिली. मी तिला म्हणालो, "श्तेफ्का, मला दिसत नाही. ओळी एकमेकींवर चढल्यात का, नीट वाचता येतं का, ते बघ. मोठ्याने वाच." ती म्हणाली, "अय्या, खाजगी पत्र आल्बिन, मी कशी वाचू?" मी म्हणालो, "वाच गं. आयुष्यभर लोकांची पाकिटं वाफेवर धरून वाचलीस, आज तोंडावर वाच." रांगेत तिघं होती. एक बोग्दानची बायको, तिच्या मागे खानावळवाला, आणि दाराशी लेंका, इस्पितळात गाश्परला पार्सल पाठवायला आलेली. लेंका आहे हे मला तिच्या खोकल्यावरून कळलं. मी तरी थांबवलं नाही. श्तेफ्काने पहिल्या शब्दापासून सगळं वाचलं. मशरूमच्या जागी ती थांबली, मी म्हटलं पुढे वाच. टेलिफोनच्या जागी ती रडली. मग लेंका माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि मी चष्मा काढून ठेवला. ती म्हणाली, "रविवारी मी येते खाणीत. कागद मी धरीन." आणि गेली.

तू हल्ली फोन घेत नाहीस असं श्तेफ्का म्हणाली. घेऊ नकोस. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात पसरलेलं असेल आणि उद्या सकाळी द्रागाला दूधवालाच तुला सांगेल. पत्र येईल तोवर यातलं काही नवं उरणार नाही. तरी वाच. वरचा पत्ता श्तेफ्काच्या हातचा आहे, आणि या वेळी मी पाकीट चिकटवलेलं नाही.

तुझा आजीच्या वळणावर गेलेला मामा,
आल्बिन